उचललेल्या जिप्सीचं स्टिअरिंग: झेड-लिंक, ड्रॉप आर्म की हाय-स्टिअर?

जिप्सीचे कमानपाटे अ‍ॅक्सलच्या खालून काढून वर बसवले की गाडी साधारण पाच इंच उठते. फोटो झकास येतो. मग पहिल्याच खड्ड्यात स्टिअरिंग हातातून निसटतं आणि मालक किट शोधायला लागतो. बाजारात या दुखण्यावर तीन वेगवेगळ्या वस्तू मिळतात: वाकडी झेड-लिंक, ड्रॉप पिटमन आर्म आणि हाय-स्टिअर आर्म. बरेच विक्रेते तिन्ही वस्तू ‘लिफ्ट स्टिअरिंग किट’ या एकाच नावाने विकतात. काम मात्र तिघींचं वेगळं आहे आणि चेसिसवर पडणारा भार तर फारच वेगळा.

निकाल आधीच सांगून टाकू. झेड-लिंक: पाचात दीड. ड्रॉप आर्म: पाचात अडीच, तेही अडीच इंचांपर्यंतच्या लिफ्टला. हाय-स्टिअर: पाचात चार. आणि यांपैकी काहीही घेण्याआधी स्टिअरिंग बॉक्सच्या मागची चेसिस प्लेट. ती प्लेट बऱ्याच किटमध्ये नसतेच.

आता हे गुण का, ते. ड्रॅग लिंक म्हणजे स्टिअरिंग बॉक्सचा जोर चाकापर्यंत नेणारा दांडा. तिची दोन टोकं असतात. एक स्टिअरिंग बॉक्समधून निघणाऱ्या पिटमन आर्मला, म्हणजे चेसिसच्या बाजूला. दुसरं चाकासोबत वळणाऱ्या नकलला, म्हणजे अ‍ॅक्सलच्या बाजूला. चेसिस उचलली की पहिलं टोक वर जातं, दुसरं जागेवर राहतं आणि लिंक तिरकी होते. ठोकळ हिशेबासाठी लिंक ९०० मिमी धरा, मूळ गाडीत तिचा उतार ३ अंश, म्हणजे टोकांच्या उंचीत ४७ मिमीचा फरक. १२५ मिमी लिफ्ट केल्यावर हा फरक १७२ मिमी होतो आणि उतार ११ अंश. आता चाक ७५ मिमी वर उचललं जाईल असा दगड आला. मूळ गाडीत लिंकची आडवी लांबी जेमतेम १ मिमी बदलते. उचललेल्या गाडीत ११ मिमी बदलते. नकलचा आर्म १५० मिमी धरला तर स्टिअरिंग न हलवता चाक ४ अंशांहून जास्त वळलं. याला बंप स्टिअर म्हणतात. स्टिअरिंग डॅम्पर, म्हणजे धक्के शोषणारा दांडा, बदलून, टायरची हवा कमी-जास्त करून किंवा अलाइनमेंट करून तो जात नाही, कारण तो भूमितीत आहे.

हाच हिशेब घेऊन तिन्ही किटकडे पाहू.

झेड-लिंक ही ड्रॅग लिंकच, फक्त तिचा दांडा मधे दोनदा वाकवलेला असतो. दोन्ही बॉल जॉइंट पुन्हा सरळ बसतात, पाट्याला किंवा अ‍ॅक्सलला दांडा घासत नाही आणि स्टिअरिंग व्हील मधोमध आणता येतं. एवढंच तिचं काम. टोकं होती तिथेच राहतात, त्यामुळे ११ मिमी ते ११ मिमीच. दांडा कितीही वाकवा, बंप स्टिअरला फक्त दोन टोकांमधली सरळ रेघ कळते. वर एक नवीन दुखणं येतं: जोर त्या सरळ रेघेतून जातो आणि दांडा तिच्यापासून ४०-५० मिमी बाजूला असतो. म्हणजे प्रत्येक धक्क्याला दांडा बाकावर वाकतो, उलगडतो. हातात येणारं स्टिअरिंग रबरासारखं लागतं ते यामुळे. बाकाजवळ वेल्ड असलेली झेड-लिंक तर घेऊच नये. तडा तिथूनच जातो, आणि ड्रॅग लिंक तुटणं म्हणजे स्टिअरिंग पूर्ण जाणं.

ड्रॉप पिटमन आर्म चेसिसकडचं टोक खाली आणतो. ५० मिमी ड्रॉप घेतला तर वरच्या हिशेबात ११ मिमीचे ७ मिमी होतात. सुधारणा आहे, पण अर्धवट, आणि तिची किंमत चेसिस भरते. मूळ आर्मचा बॉल चेसिसच्या रेलखाली, म्हणजे लांब तुळईखाली, १२० मिमी आहे असं धरा. चाक दगडात अडकून लिंकमध्ये ३०० किलोचा जोर आला तर रेलला पिळणारा मोमेंट ३६ किलोग्रॅम-मीटर. ५० मिमी ड्रॉपने बॉल १७० मिमी खाली गेला की तोच मोमेंट ५१. जोर तोच, पीळ ४० टक्क्यांहून जास्त. शिवाय हा सगळा भार सेक्टर शाफ्टवर, म्हणजे पिटमन आर्म ज्यावर बसतो त्या बॉक्सच्या शाफ्टवरही वाकवणारा म्हणून येतो. म्हणून जुन्या गाड्यांमध्ये ड्रॉप आर्म बसवल्यावर काही महिन्यांत बॉक्सच्या खालच्या सीलमधून तेल गळायला लागतं. सील बदलून उपयोग नसतो, बुश गेलेले असतात.

हाय-स्टिअर आर्म दुसरं टोक वर उचलतो. किंगपिन म्हणजे नकल ज्याभोवती वळते ती खीळ; तिच्या वरच्या टोपीच्या जागी जाड आर्म बसतो आणि ड्रॅग लिंक त्याला जोडली जाते. १०० मिमी उचल मिळाली तर ११ मिमीचे ३ मिमी होतात, चाकाचं आपोआप वळणं ४ अंशांवरून १ अंशाच्या आसपास येतं. पिटमन आर्म मूळचाच राहतो, चेसिसवरचा पीळ वाढत नाही. उलट लिंक आडवी झाल्याने तिच्यातला उभा जोर कमी होतो. तिरक्या लिंकमध्ये ३०० किलोच्या जोरातले ११ अंशांना ५७ किलो आणि चाक पूर्ण खाली लोंबल्यावर, १८ अंशांना, ९० किलोंच्या वर सरळ उभ्या दिशेने बॉक्सला उपटतात. गणित बघणाऱ्याने हाय-स्टिअरच घ्यावं.

एक गुण कापला तो बसवण्याच्या कटकटीमुळे. किंगपिनची टोपी काढली की तिच्याखालचे शिम, म्हणजे पातळ चकत्या, निघतात. ते तसेच परत टाकून भागत नाही, कारण नवीन आर्मची जाडी आणि बसक वेगळी असते. नकलला स्प्रिंग काटा लावून ओढून पाहायचं आणि सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याएवढी ओढ येईपर्यंत शिम कमी-जास्त करायचे. सैल राहिलं तर ताशी ६० च्या आसपास पुढची चाकं थडथडायला लागतात, घट्ट झालं तर स्टिअरिंग वळणानंतर परत येत नाही आणि बेअरिंग खड्डे पाडून घेतं. दुसरी कटकट जागेची. पाटे पूर्ण दाबले गेल्यावर लिंक चेसिसला किंवा पाट्याला लागते का, हे एक चाक चढवून, दुसरं लोंबतं ठेवून, दोन्ही टोकांच्या लॉकपर्यंत स्टिअरिंग फिरवून पाहावं लागतं. लागत असेल तर बंप स्टॉप, म्हणजे अ‍ॅक्सलला वर येताना अडवणारा ठोकळा, उंच करा. लिंक वाकवू नका, नाहीतर पुन्हा झेड-लिंकच झाली.

किटच्या फिनिशबद्दल. पावडर कोटिंग चकचकीत असतं आणि तेच बऱ्याचदा नडतं. बॉल जॉइंट बसतो त्या टेपरच्या, म्हणजे निमुळत्या, भोकात आणि आर्म जिथे नकलवर दाबून बसतो त्या सपाटीवर कोटिंगचा थर असेल तर बोल्ट आवळताना तो चेपत नाही, नंतर हळूहळू चेपतो आणि बोल्ट सैल होतात. बसवण्याआधी या जागा पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत साफ करा. टेपर तपासायला निळा रंग लावून बॉल जॉइंट हाताने दाबून फिरवा. सभोवार सलग निळा डाग उमटला पाहिजे. नुसती वरच्या कडेला गोल रेघ उमटली तर टेपर जुळत नाही, आणि नट कितीही आवळला तरी जॉइंट आत हलत राहणार. काही ठिकाणी लेथवाले सरळ भोक पाडून बोल्ट टाकून देतात. असं काम स्वीकारू नये. योग्य टेपर रीमर नसेल तर टेपर स्लीव्ह बसवून घ्यावी.

दांड्याचं मटेरियल विचारा. ‘सॉलिड आहे, वाकणार नाही’ हे वाक्य प्रत्येक दुकानात ऐकायला मिळतं. २५ मिमी सॉलिड सळई आणि बाहेरून ३२ मिमी, ६ मिमी जाडीचा सीमलेस, म्हणजे बिनशिवणीचा, पाईप यांचं मीटरमागे वजन जवळपास सारखंच. वाकण्याला विरोध मात्र पाईपचा सव्वादोन पट. म्हणून टाय रॉड, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा दांडा, पाईपचाच घ्यावा, तोही सीमलेस. साध्या ईआरडब्ल्यू, म्हणजे पत्रा वळवून वेल्ड केलेल्या, पाईपची उभी शिवण आटे पाडताना पातळ होते. टोकांना एक उजवा आणि एक उलटा आटा हवा, म्हणजे दांडा गाडीवर ठेवूनच लांबी जुळवता येते. आत गेलेला आटा निदान बोल्टच्या व्यासाच्या सव्वा ते दीडपट असावा. एम१८ असेल तर २२ ते २७ मिमी.

महागड्या किटमध्ये रॉड एंड, म्हणजे उघडे गोल जॉइंट येतात. दिसायला रेसिंगचे. मराठवाड्यात त्यांचा पैसा वाया जातो. काळ्या मातीचा चिखल त्यात शिरतो, वाळतो आणि पॉलिश पेस्टसारखा काम करतो. गोदाकाठची वाळू असेल तर आणखी लवकर. रबर बूट आणि ग्रीस निप्पल असलेले साधे टाय रॉड एंड इथे जास्त टिकतात आणि ते लातूर-नांदेडपर्यंत कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतात. पावसाळ्यात दर धुलाईनंतर ग्रीस भरा, बुटातून जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत.

आता चेसिस. इथल्या गाडीची खरी परीक्षा बालाघाटच्या चढांवर नाही, पाणंदीत होते. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या ओल्या काळ्या मातीत चाकोऱ्या पाडतात आणि त्या वाळल्या की दगडासारख्या होतात. चाकोरीतून बाहेर निघताना टायरची बाजू कडेवर घासत राहते आणि ड्रायव्हर स्टिअरिंग दाबून धरतो. हा जोर धक्क्यासारखा क्षणाचा नसतो, पुन्हा पुन्हा आणि बराच वेळ लागतो. थकव्याचे तडे अशाच भाराने जातात. त्यात २३५/७५ आर१५ किंवा ३१ इंची टायर आणि चाक बाहेर काढणारे स्पेसर असतील तर चाकाचा जमिनीवरचा मध्य किंगपिनच्या रेषेपासून आणखी लांब जातो आणि तोच अडथळा स्टिअरिंगला जास्त मोठ्या तरफेने लागतो. पॉवर स्टिअरिंग बसवलं असेल तर हाताला काहीच कळत नाही, सगळं चेसिसला कळतं. पॉवर बॉक्स घालणाऱ्यांनी अ‍ॅक्सलवरचे स्टॉप बोल्ट असे लावावेत की बॉक्स आतून टेकण्याआधी नकल स्टॉपवर टेकेल. नाहीतर प्रत्येक फुल लॉकला पंपाचा पूर्ण दाब बॉक्सच्या कवचावर आणि त्याच्या बोल्टांवर जातो.

तडे कुठे शोधायचे? चिखल धुवा, मगच पाहा. इंजिन चालू ठेवून एकाने स्टिअरिंग डावी-उजवीकडे झटक्याने हलवावं, दुसऱ्याने खालून बॉक्स आणि रेल यांच्या सांध्याकडे पाहावं. बॉक्स रेलसोबत हलत असेल तर रेल पिळते आहे. बॉक्स रेलवर हलत असेल तर बोल्ट सैल आहेत. बोल्टच्या भोकाभोवती रंग फुटून गंजाची लाल रेघ ओघळलेली असेल तर तिथे आत हालचाल आहे. खात्री करायची तर डाय पेनिट्रंट स्प्रे वापरा. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत वेल्डिंगचं सामान विकणाऱ्यांकडे तीन डब्यांचा संच विचारा. क्लीनरने पुसा, लाल रंग मारून १० ते १५ मिनिटं थांबा, कपड्याने पुसा, पांढरा डेव्हलपर मारा. तडा असेल तिथे लाल केसासारखी रेघ उमटते.

तडा सापडला तर त्यावर नुसती पट्टी ठोकू नका. तड्याच्या दोन्ही टोकांना ३ ते ४ मिमीचं भोक पाडा, म्हणजे तो पुढे सरकणार नाही. ग्राइंडरने व्ही खाच करा, वेल्ड भरा, सपाट करा, मग प्लेट. प्लेट आयएस २०६२ ई२५० ची, ३ ते ४ मिमी. जालन्यात लोखंड मुबलक आहे, पण भंगारातला तुकडा उचलू नका. प्लेटचा ग्रेड माहीत असलेला बरा. १० मिमीची प्लेट लावून चेसिस ‘कायमची मजबूत’ करणारे मिस्त्री भेटतात. त्यांची प्लेट खरोखर तुटत नाही. तिच्या कडेला, जिथे जाड पोलाद अचानक संपून पातळ रेल सुरू होते, तिथे रेल तुटते. म्हणून प्लेट रेलच्या जाडीच्या जवळपास ठेवा, तिची टोकं सरळ उभी न कापता माशाच्या तोंडासारखी किंवा पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची तिरकी कापा आणि रेलवर उभा, वरपासून खालपर्यंत जाणारा वेल्ड कधीही मारू नका. वरच्या आणि खालच्या फ्लँजच्या, म्हणजे रेलच्या सपाट पट्ट्यांच्या, कडेला तर अजिबात नाही, सर्वांत जास्त ताण तिथेच असतो. कडेचे वेल्ड रेलच्या लांबीच्या दिशेत तुकड्या-तुकड्यांनी आणि मधे १५ मिमीच्या भोकांतून प्लग वेल्ड, एवढं पुरतं.

बंद बॉक्स आकाराच्या रेलमधून स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट आरपार जात असतील तर आत स्लीव्ह हवीच. एम१२ बोल्टला आतून १२.५, बाहेरून २२ मिमीची नळी, दोन्ही बाजूंना वेल्ड करून सपाट केलेली. तिच्याशिवाय बोल्ट आवळताना रेलच्या भिंती आत दबतात, टॉर्क रेंच खोटं सांगतो आणि काही दिवसांत बोल्ट पुन्हा सैल. बोल्ट १०.९ ग्रेडचे. नट नायलॉनचे किंवा धातूचे लॉकिंग, एकदाच वापरायचे.

वेल्डिंग रॉडबद्दल थोडं कडक बोलावं लागेल. गावात ६०१३ रॉड मिळतो, ग्रिल आणि गेटला तो ठीक आहे. चेसिसला ई७०१८ लागतो आणि तो कोरडा लागतो. पाकीट फोडून ठेवलेला, पावसाळी हवेत दमट झालेला ७०१८ वापरला तर त्याचा फायदाच जातो; तो भट्टीत ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास तापवून घ्यावा. भट्टी नसलेल्या दुकानात कार्बन डायऑक्साइड वेल्डिंगने काम करून घेणं बरं. बॅटरी काढा, इंजेक्शनची जिप्सी असेल तर ईसीयूचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा, प्लगही. अर्थिंग क्लॅम्प वेल्डच्या शेजारी रेलवरच लावा. बंपरला लावला तर करंट बॉल जॉइंट आणि बेअरिंगमधून रस्ता काढतो.

बॉक्स ब्रेस नावाची आणखी एक वस्तू मिळते: बॉक्सच्या खालच्या टोकाला धरून समोरच्या रेलला किंवा क्रॉसमेंबरला बांधणारा दांडा. ड्रॉप आर्म ठेवायचाच असेल तर हा घ्या. सेक्टर शाफ्टच्या टोकाला बेअरिंग देणारा प्रकार त्याहून चांगला, कारण तो शाफ्टचं वाकणंही रोखतो. स्टिअरिंग डॅम्पर मात्र सगळ्यांत शेवटी घ्या. चाकं थडथडत असतील तर आधी टाय रॉड एंड, किंगपिन, टो-इन (पुढची चाकं किती आत वळलेली आहेत ते) आणि कास्टर (किंगपिनचा मागे कललेला कोन) पाहा. डॅम्पर लावून थडथड दबते आणि झिजलेला जॉइंट आणखी झिजत राहतो.

कास्टरचा एक बारीक मुद्दा. पुढच्या पाट्यांची शॅकल, म्हणजे पाटा चेसिसला जोडणारी झुलती कडी, पुढच्या टोकाला असलेल्या गाडीत लांब शॅकल लावली की अ‍ॅक्सल पुढे झुकतो आणि कास्टर कमी होतो. गाडी रस्त्यावर सैरभैर चालते. २ ते ४ अंशांची पाचर पाट्याखाली घालून तो परत आणता येतो. पाचर पोलादाची घ्या, अ‍ॅल्युमिनियमची चेपून सरकते, आणि पाट्यांचा मधला बोल्ट पाचरीच्या जाडीएवढा जास्त लांब घ्या.

बसवल्यानंतर पहिल्या १०० किलोमीटरला सगळे नट पुन्हा तपासा, मग ५०० ला. प्रत्येक नटावर आणि त्याच्या खालच्या धातूवर पेंटने सलग रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की पाना घ्यायची वेळ झाली.

कायद्याचंही पाहून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडी मूळ तपशिलापासून बदलता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या निकालात ते पुन्हा ठामपणे सांगितलं आहे. पाच इंच लिफ्ट आणि बदललेलं स्टिअरिंग घेऊन रोज संभाजीनगर-जालना रस्त्यावर फिरायचं असेल तर अपघातानंतर विमा कंपनी काय म्हणेल याचा विचार किट मागवण्याआधी करा. खासगी जागेत, शेतात, इव्हेंटला ट्रेलरवर नेऊन चालवणाऱ्यांचा प्रश्न वेगळा.

वरचं सगळं पाटे आणि सरळ अ‍ॅक्सलच्या गाड्यांना लागू आहे. व्ही-क्रॉस आणि हायलक्स पिकअपना पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, त्यांच्यासाठी यातलं काहीच घेऊ नका. त्यांना ५० मिमीच्या वर उचललं की टाय रॉड आणि ड्राइव्ह शाफ्ट दोन्ही तिरके होतात. त्यांच्या चेसिसचं दुखणंही वेगळं: मागच्या पाट्यांवर हवेच्या फुग्यांची मदत घेऊन जास्त माल भरला की भार पाट्याच्या दोन टोकांऐवजी अ‍ॅक्सलच्या वर रेलवर एका जागी येतो आणि चेसिस केबिनच्या मागे वाकते. जिम्नीला पुढे कॉइल स्प्रिंग आणि अ‍ॅक्सलला आडवा धरणारा पॅनहार्ड रॉड आहे. तिथे ड्रॅग लिंक आणि पॅनहार्ड समांतर असणं हेच सगळं. एकाचं टोक हलवलं तर दुसऱ्याचंही तेवढंच हलवा. नुसतं ड्रॅग लिंकचं किट जिम्नीला विकणारा दुकानदार भेटला तर पॅनहार्डचं ब्रॅकेट कुठे आहे ते विचारा, आणि ते नसेल तर पाकीट परत करा.